रंगभूमीवरील झोत दुरून लहानमोठा कसा करितात?

सांगली हें मराठी नाटकाचें माहेर, ही गोष्ट आपल्या भागांतील लहान मुलासही ठाऊक असते. इ. स. १८४३ मध्यें सांगलीचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमि-दिन म्हणून पाळण्यांत येतो. त्या प्रयोगांतील सूत्रधार, विदूषक, सोंगें व पदें यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रेक्षकांस सीता दिसली ती कोणत्या उजेडांत, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. विजेचा दिवा व्यवहारांत येण्यास तेव्हां अजून तीन तपांचा अवकाश होता. तेल, वात आणि मशाल यांवरच सारी भिस्त.

मशालीच्या उजेडाचा एक स्वभाव आहे; तो चहूंकडे सारखा पसरतो. सीतेचें मुख उजळावें म्हणून मशाल पुढें करावी, तर मागचा पडदा, शेजारचा विदूषक आणि मशाल धरणाऱ्या गड्याचें नाक, हींही तिच्याबरोबर उजळून निघतात. गोंधळ्याच्या हातची दिवटी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. ती दिवटी चार हातांवरून दोन हातांवर आणिली, तर समोरच्या तोंडावर उजेड चौपट पडतो, हा नियम आपण विज्ञानाच्या तासास शिकतों. म्हणजे उजेड कमीअधिक करण्याचें साधन त्या काळींही होतें, आणि तें साधन म्हणजे दिवटी धरणाऱ्याचे पाय! परंतु त्या उजेडाला कांठ नव्हता. येथपर्यंत प्रकाश आणि यापलीकडे अंधार, अशी रेघ मशालीनें ओढतां येत नाहीं. ती ओढण्यास भिंग पाहिजे.

भावे यांच्या प्रयोगापूर्वीं सहाच वर्षें, १८३७ सालीं, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत चुन्याचा दिवा वापरण्यांत आला होता. ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या तुकड्यावर सोडली कीं तो तुकडा पांढरा शुभ्र तळपूं लागे. त्यापुढें भिंग ठेवून तो प्रकाश एकाच नटावर टाकीत. मात्र अशा प्रत्येक दिव्यापाशीं एक मनुष्य सतत उभा असावा लागे. झोत लहान करणें, मोठा करणें, नटाच्या मागोमाग फिरविणें, ज्योत सांभाळणें, सारें त्याच्याच हातीं. झोत मिळाला खरा, परंतु त्यापायीं मनुष्य दिव्याला बांधला गेला. त्यास तेथून सोडवावयाचें आणि तरीही झोत त्याच्याच आज्ञेंत ठेवावयाचा, ही पुढील सारी खटपट आहे.

आज सुसज्ज नाट्यगृहांत काय दिसतें तें पाहा. आपल्या सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे वसंत कानेटकर यांचें 'रायगडाला जेव्हां जाग येते' हें नाटक १९६२ सालचें. शिवाजी महाराज व संभाजीराजे या पितापुत्रांचा तो विषय. समजा, अशा एखाद्या नाटकांत पिता रंगमंचावर एकटा उरला आहे. प्रथम सारा महाल प्रकाशांत आहे. मग प्रकाशाचें वर्तुळ हळूहळू आंवळत येतें. खांब जातात, आसन जातें, शेवटीं केवळ मुद्रा आणि छातीवर ठेवलेला हात एवढेंच उरतें. महाल जागचा हललेला नाहीं, परंतु आपल्या लेखीं तो नाहींसा झाला. या वेळीं दिव्याजवळ कोणीही नाहीं. प्रेक्षकांच्या पाठीमागील एका खोलींत बसलेल्या मनुष्यानें एक खटका बोटभर सरकविला, इतकेंच.

हें समजण्यास प्रथम नाट्यगृहांत जाण्याची आवश्यकता नाहीं. उसाला रात्रींचें पाणी देण्यास वडीलमंडळी जी बॅटरी घेऊन जातात, तीच घ्या. मात्र जिचें तोंड पुढेंमागें सरकतें अशी पाहून घ्या. अंधाऱ्या खोलींत भिंतीपासून दोन मीटरांवर उभे राहा. तोंड आंत दाबलें असतां भिंतीवर मोठें, फिकट वर्तुळ पडेल. तोंड हळूहळू बाहेर ओढा. वर्तुळ लहान व तेजस्वी होत जाईल आणि अखेर भिंतीवर एक चौकोनी ठिपका दिसेल. हा चौकोन कोठून आला? बॅटरींतील बारीक चौकोनी एल.ई.डी.ची ती प्रतिमा आहे. भिंग दिव्यापासून आपल्या नाभीय अंतराइतकें दूर गेलें, तेव्हां किरण जवळजवळ समांतर होऊन निघाले. भिंग दिव्याजवळ होतें, तेव्हां किरण पसरतच राहिले. भिंग दिव्याजवळ असतां झोत रुंद आणि नाभीय अंतराशीं असतां झोत अरुंद, एवढें एक वाक्य ध्यानांत ठेवा. पुढील पुष्कळ गोष्टी त्याच्याच पोटांत आहेत.

आतां थोडें गणित. झोताच्या दोन्ही कडांमधील कोन व दिव्यापासूनचें अंतर माहीत असेल, तर वर्तुळाचा व्यास काढतां येतो. अर्ध्या कोनाचें टॅन घ्यावें, त्यास अंतरानें गुणावें आणि दुप्पट करावी. अंतर १० मीटर असतां १० अंशांचा झोत १.७५ मीटर व्यासाचें वर्तुळ पाडतो. २० अंशांचा ३.५३ मीटर, आणि ४० अंशांचा ७.२८ मीटर. पहिल्यांत एक मनुष्य उभा राहील; तिसऱ्यांत विवाहाचा सारा मांडव मावेल. १० अंशांवरून २० अंशांवर जातांना व्यास दुपटीहून किंचित् अधिक होतो, म्हणून क्षेत्रफळ चौपटीच्या थोडें वर जातें, आणि तोच प्रकाश त्यावर वांटला गेल्यानें उजेड सुमारें चतुर्थांश उरतो. झोत रुंदावतांना दिवा मंद झाल्यासारखा वाटतो तो यामुळें. दिव्याची शक्ति तेवढीच असते. वांटेकरी वाढलेले असतात.

रंगभूमीवरील दिव्यांत हें आकारमान बदलण्याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा आपल्या बॅटरीसारखीच. फरक इतकाच कीं, येथें भिंग स्थिर असतें आणि आंतील दिवा त्याच्या मागील आरशासह एका लहानशा गाड्यावर पुढेंमागें सरकतो. भिंग मात्र पाहण्यासारखें असतें. फ्रान्समधील ओग्युस्तॅं फ्रेनेल या शास्त्रज्ञानें दीपगृहांसाठीं जें पायऱ्यापायऱ्यांचें भिंग योजिलें, आणि जें १८२३ सालीं तेथील कोर्दुआं दीपगृहावर बसविण्यांत आलें, त्याचेंच हें धाकटें भावंड. जाड भिंगाची वक्रता तेवढी राखावयाची आणि पोटांतील निरुपयोगी कांच काढून टाकावयाची, ही ती युक्ति. कांच पातळ झाल्यानें भिंग हलकें होतें व दिव्याच्या उष्णतेनें तडकण्याचें भयही कमी होतें. याचा झोत सुमारें १० अंशांपासून ५० अंशांपर्यंत वाढवितां येतो आणि त्याची कड मऊ असते. म्हणून दोन झोत एकमेकांत मिसळले तरी सांधा दिसत नाहीं.

दुसरी तऱ्हा आपल्या डोळ्यांतील बाहुलीसारखी. एकावर एक बसविलेल्या सोळा-अठरा पातळ धातूच्या पाकळ्या एक दांडी फिरवितांच मध्याकडे सरकतात आणि गोल छिद्र लहान होतें. हिला आयरिस म्हणतात. हें छिद्र दिव्याच्या आंत अशा जागीं असतें कीं, पुढील भिंग त्याचीच प्रतिमा रंगमंचावर टाकतें. त्यामुळें वर्तुळाची कड चाकूनें कापल्यासारखी स्पष्ट येते. या जातीचा एक प्रसिद्ध दिवा अमेरिकेंत १९३३ सालीं लेव्ही व कुक या दोघांनीं तयार केला आणि दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून त्यास 'लेको' म्हटलें.

येथें एक भेद आहे, आणि परीक्षेंत विचारला तर निम्मा वर्ग चुकेल असा आहे. पहिल्या तऱ्हेनें झोत आंवळला तर सर्व प्रकाश लहान जागेंत गोळा होतो, म्हणून ती जागा अधिक तेजस्वी होते. आयरिसनें आंवळला तर मधला भाग होता तेवढाच तेजस्वी राहतो. बाजूचा प्रकाश पाकळ्यांवर आदळून फुकट जातो आणि त्यांस तापवितो. म्हणूनच मोठ्या हॅलोजन दिव्यांत आयरिस फार वेळ मिटून ठेविली तर पाकळ्या वांकतात व अडकतात. एक तऱ्हा मूठ आंवळण्यासारखी आहे, दुसरी खिडकी लोटण्यासारखी. नाटकांत कोणती पाहिजे, हें प्रसंगावरून ठरतें. पित्याची मुद्रा जशीच्या तशी राहून भोंवतालचें जग मिटावें असें वाटत असेल, तर खिडकी लोटावी; तिच्यावर तेज चढावें असें वाटत असेल, तर मूठ आंवळावी.

तिसऱ्या तऱ्हेंत दोन किंवा अधिक भिंगें एकमेकांजवळ वा दूर सरकवून प्रतिमाच लहानमोठी करितात. छायाचित्रकाराच्या झूमचीच ही बहीण आहे. तेव्हां येथें अधिक रेंगाळण्याचें कारण नाहीं.

आतां 'दुरून' या शब्दाकडे वळूं. एका गांवच्या स्नेहसंमेलनास मी पाहुणा म्हणून गेलों असतां पाहिलेली गोष्ट सांगतों. नाटक ऐन रंगांत आलें असतां झोत लहान करण्यासाठीं नववींतील एक मुलगा विंगेंतील बांबूच्या शिडीवर चढला. तापलेल्या दिव्यास हात लागूं नये म्हणून त्यानें ओलें फडकें बोटांस गुंडाळलें होतें. शिडी करकरली, प्रेक्षकांच्या माना राजावरून शिडीकडे वळल्या, आणि पहिल्या रांगेंतील एक माउली, बहुधा त्याची आईच, अर्धी उठून उभी राहिली. मुलगा सुखरूप उतरला, ही देवाची कृपा. हॅलोजन दिव्याच्या कांचेचें उष्णतामान शेंकडों अंश सेल्सिअसपर्यंत जातें आणि ओलें फडकें व वीज यांचें सख्य नाहीं. शिडीवर मुलास चढवून त्याच्या हातीं पेटता दिवा देणाऱ्या मोठ्या माणसांस नाटक बसविण्याचा अधिकार असूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. झोत दुरून हालविण्याची विद्या केवळ चैनीची नव्हे, ती अशा शिडीवरच्या जिवासाठींही आहे.

दूरवर हुकूम पोंचविण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दोरी. १९०६ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस शहरच्या एडमंड सोलबर्ग यांनीं असा एक दिवा योजिला कीं, तो दोऱ्या ओढून खालून वळवितां येई, वरखालीं करतां येई आणि त्याचा झोतही लहानमोठा करतां येई. आपल्या बॅटरीचें तोंड दोरीनें बाहेर ओढावें आणि रबरानें परत आंत यावें, अशी योजना पुठ्ठ्याच्या चौकटींत आपणही करूं शकाल. करून पाहा, लागलीच एक अडचण ध्यानांत येईल. दोरी ओढून झोत ज्या आकारावर आणिला, तोच आकार दोरी सैल सोडीत आणूं गेल्यास नेमका साधत नाहीं. दोरी ताणली जाते, कप्पी घासते, सांध्यांत थोडा खेळ राहतो. रहाटाचा दोर उलट फिरवितांना प्रथम अर्धा वेढा नुसता ढिला होतो, तसाच हा प्रकार. म्हणून जाणते कारागीर इच्छित आकाराच्या थोडें पलीकडे जाऊन नेहमीं एकाच बाजूनें परत येतात. मग प्रत्येक वेळीं झोत त्याच खुणेवर बसतो.

दोरीच्या जागीं विजेची मोटर आली, तरी तो प्रश्न सुटला नाहीं. मोटर फिरली हें ठीक, पण किती फिरली? त्याचें एक उत्तर म्हणजे पावलापावलानें चालणारी मोटर. विजेचा एक धक्का दिला कीं ती एकच पाऊल टाकते. सामान्यतः अशीं २०० पावलें झालीं म्हणजे एक फेरा पुरा होतो, अर्थात् एक पाऊल १.८ अंशांचें. धक्के मोजले कीं जागा कळली. मात्र दिवा बंद करून पुन्हां लाविला तर मोजणी विसरलेली असते. म्हणून असे दिवे लावतांच त्यांतील गाडा प्रथम एका टोकास जाऊन खुणेच्या खटक्यास टेकतो आणि तेथून शून्य धरतो. प्रयोगापूर्वीं दिवे आपल्याआपण डोलतांना दिसतात, तें त्यांचें शून्य शोधणें होय. दिव्यांत बिघाड झाला असें समजून घाबरूं नये.

१९८१ सालीं बार्सिलोना येथें जेनेसिस या इंग्रज वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत 'व्हॅरी-लाइट' नांवाचे स्वतः वळणारे व रंग बदलणारे दिवे प्रथम लोकांपुढें आले, आणि नंतर अशा दिव्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी. एकाचा हुकूम दुसऱ्याच्या दिव्यास कळेना. तेव्हां १९८६ सालीं अमेरिकेंतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनें 'डी.एम.एक्स. ५१२' ही समाईक भाषा ठरविली. ती इतकी सोपी आहे कीं, आपण शाळेंत रोज तिचाच उपयोग करितों. ती म्हणजे हजेरी.

वर्गशिक्षक एकपासून क्रमानें नंबर घेतात आणि प्रत्येक मुलगा आपल्या नंबराची वाट पाहतो, तसेंच येथें. नियंत्रणाच्या टेबलापासून एक तार निघून पहिल्या दिव्यास, तेथून दुसऱ्यास, तेथून तिसऱ्यास जाते. तीवरून ५१२ आंकडे एकामागून एक सोडण्यांत येतात. प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधील. ज्या दिव्याचा नंबर ४१ तो चाळीस आंकडे जाऊं देतो आणि एकेचाळिसावा उचलतो. त्याच्या झोताचा नंबर ४२ असेल तर त्यापुढचा आंकडाही तोच घेतो. ० म्हणजे अगदीं अरुंद, २५५ म्हणजे अगदीं रुंद, अशी बोली आधींच ठरलेली असते. पूर्ण हजेरी सेकंदास सुमारें ४४ वेळां होते. एखाद्या फेरींत आंकडा चुकला तरी पुढची फेरी क्षणार्धांत येऊन तो सुधारते.

मात्र या हजेरींत एक मोठें न्यून आहे. 'हजर' असें उत्तर येत नाहीं! मूळ योजनेंत आंकडे एकाच दिशेनें जातात; दिव्यानें ऐकलें किंवा नाहीं, हें टेबलाशीं बसलेल्यास कळत नाहीं. पुढें उलट उत्तर देण्याची सोय निघाली, तरी मूळ हुकूमाची पद्धति तीच राहिली. म्हणून नटांच्या डोक्यावरून जड देखावे हालविणें, दारूकाम उडविणें, असलीं जिवावरचीं कामें या भाषेवर सोंपवूं नयेत, अशी तज्ज्ञांची ताकीद आहे. झोत चुकला तर प्रसंग बिघडेल. दारू चुकीच्या क्षणीं उडाली तर मनुष्य भाजेल.

चिकित्सक मुलगा येथें विचारील कीं, २५६ आंकडे पुरतात काय? हिशेब करूं. झोत १० पासून ५० अंशांपर्यंत बदलतो असें धरा. चाळीस अंशांचे २५५ भाग केले तर एक भाग ०.१६ अंशाच्या आंतबाहेर येतो, आणि १० मीटरांवर वर्तुळाचा व्यास प्रत्येक भागास सुमारें पावणेतीन ते सवातीन सेंटिमीटरांनीं बदलतो. झोत दोन सेकंदांत आंवळला तर हें ध्यानांतही येत नाहीं. परंतु एका संथ, दोन मिनिटांच्या स्वगतांत तो आंवळावयाचा असेल, तर कड गचके खात आंत येतांना तीक्ष्ण नजरेस दिसते. यासाठीं चांगल्या दिव्यांत एकाच कामास दोन नंबर देतात. एक मोठ्या पावलांचा, दुसरा त्या पावलाच्या आंतील बारीक पावलांचा. २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ भाग झाले. पै व रुपया यांसारखाच हा हिशेब.

असे दिवे प्रत्येक नाट्यगृहांत असतीलच असें नाहीं, आणि शाळेच्या व्यासपीठावर तर त्यांची अपेक्षाच करूं नये. ते महाग असतात, त्यांतील पंख्यांचा घुरघुराट शांत प्रसंगांत कानास खुपतो, आणि बिघडल्यास गांवांत दुरुस्त करणारा मिळत नाहीं. त्यांवर एक जुनी, स्वस्त युक्ति आहे. एकाच जागेवर रोखलेले दोन साधे दिवे बांधावेत. एक रुंद झोताचा, एक अरुंद. दिवसाउजेडीं, मोठ्या माणसानें, वीज बंद ठेवून ते नीट रोखून घ्यावेत व साखळीनें पक्के करावेत. मग नाटक चालूं असतां खालीं बसून रुंद दिवा डिमरनें हळूहळू उतरवावा आणि त्याच वेळीं अरुंद दिवा चढवावा. वर्तुळ सरकतांना दिसणार नाहीं हें खरें. पण पाहणाऱ्यास जग मिटत आल्याचा भास तोच होतो. शंभरांतील नव्वद प्रसंगीं एवढ्यानें भागतें, असा माझा अनुभव आहे. शिडी लागत नाहीं, आणि पहिल्या रांगेंतील आईसही स्वस्थ बसून नाटक पाहतां येतें.

दोन दिवे बांधावयाचे झाले तर ते किती अंशांचे असावेत, हें आधीं कागदावर काढावें. समजा, दिवा पात्रापासून ८ मीटरांवर आहे व २ मीटर व्यासाचें वर्तुळ पाहिजे. अर्ध्या कोनाचें टॅन १ भागिले ८. कोष्टक पाहून पूर्ण कोन सुमारें सव्वाचौदा अंश येतो. हें झालें समोर उभ्या धरलेल्या पडद्याविषयीं. प्रत्यक्षांत दिवा वरून तिरपा टांगलेला असतो, म्हणून जमिनीवर वर्तुळ न पडतां लांबट अंडाकृति पडते. आणि तिरपेपणा जितका अधिक, तितकी ती लांब. दिवा ४५ अंश तिरपा असतां हीच अंडाकृति किती लांब व किती रुंद होईल, हें दहावीच्या मुलांनीं काढावें, आणि नंतर बॅटरी, पट्टी व खडू घेऊन घरच्या फरशीवर मोजून पडताळून पाहावें.